नकाराचं स्पेलिंग

प्राचार्य त्रिविक्रमाचारांनी मोडेम कपाटात बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा सगळं कॉलेज हळहळलं आणि कँटीनमध्ये गेलं. गेल्या वर्षी पुण्याहून इथे शेवटच्या वर्षाला येऊन दाखल झालेला शुभंकर गोडबोले मात्र तिथेच उभा राहिला, कारण त्याची अमेरिका त्या मोडेममधून यायची होती.

साल अठ्ठ्याण्णव. बंगळूरच्या राजाजीनगरातल्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात इंटरनेट कावेरीच्या पाण्यासारखं यायचं, म्हणजे ठरल्या वेळी, बारीक धारेनं, आणि भांडी घेऊन लोक आधीपासून उभे. लॅबमध्ये एक टेलिफोन, एक मोडेम आणि मेल येण्याजाण्याचं एक यंत्र. कॉलेजचा मेल फक्त त्या लॅबमध्येच उघडायचा. बाहेर ब्रिगेड रोडला सायबर कॅफे निघाले होते, पण तिथे बसून कॉलेजच्या पेटीत डोकावता येत नसे. आणि ओहायोच्या एका प्राध्यापकांना शुभंकरने पत्ता दिला होता तो याच पेटीचा. महिनाअखेरीला असिस्टंटशिपचं कळवतो, असं त्यांनी लिहिलं होतं. ती मिळाली तर अमेरिका, नाही तर पुण्याला परत जाऊन काकांच्या क्लासमध्ये बारावीच्या मुलांना इंटिग्रेशन. काकांनी बोर्डावर त्याचं नाव आधीच रंगवून घेतलं होतं.

हे सगळं झालं विराटमुळे. विराट पवार शुभंकरच्याच वर्गातला, पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातला मोकळाढाकळा मुलगा. त्याला एक मेल आला की अमेरिकेतल्या एका कंपनीने तुमची निवड केली आहे, खात्री पटवण्यासाठी पासवर्ड कळवा. विराटने खात्री पटवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाने सगळ्या प्राध्यापकांना एक मेल गेला. त्यात प्राचार्यांच्या केसांविषयी दोन प्रश्न होते. पहिला प्रश्न, ते कुणाचे आहेत.

"दहा दिवस देतो," शुभंकर फार गयावया करू लागला तेव्हा त्रिविक्रमाचार म्हणाले. बोलताना त्यांचा हात नकळत डोक्याकडे गेला. "या मुलांना अक्कल आहे हे सिद्ध करून दाखव. शिक्षकांनी शिकवून यांना काही येत नाही, हे मी तीस वर्षं बघतोय. तुम्ही एकमेकांना शिकवा. नाही जमलं तर मोडेम कपाटात, खो-खोच्या ढालीशेजारी."

अशा रीतीने संगणक सुरक्षा जागृती समिती स्थापन झाली. अध्यक्ष शुभंकर. चिटणीस रम्या जाधव, कारण वर्गात अक्षर तिचंच चांगलं होतं. ती राजाजीनगरचीच. वडील हणमंतराव यांचं पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत लेथचं वर्कशॉप. तिचं मराठी ऐकून शुभंकरला पहिले सहा महिने वाटत होतं की ही मुद्दाम असं बोलते. तिलाही त्याच्याबद्दल तेच वाटत होतं. तिसरा सभासद विराट, फसलेल्यांचा प्रतिनिधी म्हणून.

विराटने काम जोरात उचललं. वर्गावर्गांत जाऊन तो "मी फसलो, तुम्ही फसू नका" या विषयावर बोलू लागला. पहिल्या वर्गात त्याला फसवणारा कुणी अनोळखी माणूस होता. मेकॅनिकलच्या वर्गापर्यंत त्याची टोळी झाली, आणि सिव्हिलला पोचेस्तोवर टोळी रशियन होती. मुली वही पुढे करून त्याची सही घेऊ लागल्या. आपणही एकदा फसून बघावं, असं दोनतीन मुलांना मनापासून वाटू लागलं.

अध्यक्षांनी नियम केले. पासवर्ड कुणाला सांगू नये. अनोळखी मेलला उत्तर देऊ नये. आणि मेलमधलं स्पेलिंग बघावं. "लबाडाला स्पेलिंग येत नसतं," शुभंकर फळ्यावर खडू आपटून सांगायचा. हा नियम त्याने पुण्याहून येतानाच बरोबर आणला होता आणि तो माणसांनाही लावायचा.

बंगळूरबद्दल त्याचं एकच निरीक्षण होतं, की ही माणसं फार नम्र. उठल्याबसल्या माफी मागतात. उच्चार तेवढा गावठी. तो ज्यांच्याकडे पेइंग गेस्ट राहायचा त्या कस्तुराबाईंना तो म्हणायचा, "आज जेवायला उशीर होईल." त्या म्हणायच्या, "सरी." उशीर हा करणार आणि सॉरी त्या म्हणणार! रिक्षावाल्याला पत्ता सांगितला की तोही "सरी" म्हणून मीटर पाडायचा. मीटर किती पळणार आहे याची त्याला आधीच लाज वाटत असावी, असं शुभंकरला वाटायचं. पुण्यात रिक्षावाल्याने सॉरी म्हटलेलं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

पाच दिवस भाषणं झाली. आता प्राचार्यांपुढे पुरावा हवा होता.

"आपण स्वतःच एक फसवा मेल पाठवू," शुभंकर म्हणाला. "सगळ्या कॉलेजला. लॅब ऑफिसच्या नावाने. पासवर्ड द्या म्हणून. किती जण देतात ते बघू. आकडे मिळतील."

रम्याने पेन खाली ठेवलं. "चोरापासून वाचवायला आपणच चोरी करायची?"

"चोरी नाही. स्टॅटिस्टिक्स."

"उद्या त्यातलं एक जरी फुटलं तर? नको की रे. पासवर्ड मागायचाच नाही. नुसतं विचार, देणार काय मणून. हो की नाही, तेवढंच सांगू दे."

हे शुभंकरला पटलं. शिवाय पासवर्ड साठवायला त्याच्याकडे जागाही नव्हती. मेल असा तयार झाला की लॅबची साफसफाई चालू आहे, शनिवारी सकाळी लॅबमध्ये आमचा माणूस प्रत्येकाचा पासवर्ड तोंडी विचारून घेईल, आपली तयारी आहे का ते कळवा. नकार देतील ते शहाणे. होकार देतील ते चारदोन मूर्ख शनिवारी आपल्या पायांनी लॅबमध्ये येतील. तिथे त्यांना बसवून समजावायचं. त्यांच्यासाठी बिस्किटंही आणायची होती.

मेलला जरा स्थानिक वास यावा म्हणून शुभंकरने विराटकडून शेवटी एक कानडी ओळ इंग्रजी अक्षरांत घालून घेतली. दयविट्टु उत्तरिसि. कृपया उत्तर द्यावे. मग यादी काढत बसण्यापेक्षा सोपं म्हणून त्याने तो मेल 'सर्व' या एकाच पत्त्यावर पाठवून दिला. त्या रात्रीच्या गाडीने रम्या मावसबहिणीच्या लग्नाला शिमोग्याला गेली. विराट सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला रशियन टोळीची माहिती देत होता. उत्तरं वाचायला अध्यक्ष एकटेच उरले.

उत्तरं धो धो आली. चारदोन जणांनी 'येस सर' लिहिलं होतं. शुभंकरने कपाळाला हात लावला. एकदोघांनी स्वच्छ 'नो' लिहिलं होतं. त्यांच्याविषयी त्याला आदर वाटला. आणि बाकी सगळं कॉलेज, एकामागून एक, शिस्तीत एकच शब्द लिहीत होतं. एस, ए, आर, आय.

सारी. सारी सर. सारी सार.

शुभंकरला आधी आनंद झाला आणि मग दुःख. आनंद यासाठी, की शेकडा नव्वद मुलांनी पासवर्ड द्यायला नम्रपणे नकार दिला होता. दुःख यासाठी, की इंजिनिअरिंगच्या एवढ्या मुलांत एकालाही 'सॉरी'चं स्पेलिंग येत नव्हतं. साडी असा अर्थ त्याने क्षणभर धरून पाहिला होता, पण संदर्भ लागेना. एका मुलाने तर खाली स्वतःचं नावही घातलं होतं, 'आयतू सारी'. कॉलेजच्या मेलमध्ये नावाच्या जागी नुसते नंबर असत. त्या आकड्यांच्या गर्दीत हा एकच गडी नाव सांगून नकार देत होता. हा कोण बाणेदार आयतू, याचा शोध घ्यायला हवा, असं शुभंकरने मनाशी ठरवलं.

शुक्रवारी अहवाल प्राचार्यांच्या टेबलावर गेला. त्रिविक्रमाचार कुठलाही अहवाल शेवटच्या ओळीपासून वाचायला सुरुवात करत आणि तिथेच थांबत. शेवटची ओळ होती : शेकडा नव्वद विद्यार्थ्यांनी आपला पासवर्ड देण्यास ठाम नकार दिला.

"कशावरून?" त्यांनी विचारलं.

"गुप्त चाचणी घेतली सर. पद्धत उघड केली तर पुन्हा वापरता येणार नाही."

"उत्तम!" पद्धत समजून घ्यावी लागणार नाही म्हणून प्राचार्य खूश झाले. "हा अहवाल मी विद्यापीठाला पाठवतो. मोडेम राहू दे तिथेच."

शुभंकर घरी गेला आणि कस्तुराबाईंकडून आणखी एक पोळी मागून घेतली.

शनिवारी सकाळी तो बिस्किटांचा पुडा घेऊन लॅबच्या दारात आला, तर दारापासून रांग लागलेली. रांग जिना उतरून, नोटीस बोर्डाला वळसा घालून सायकल स्टँडपर्यंत गेली होती. सगळे शांत उभे. काही जण वेळ जावा म्हणून शेजाऱ्याला पासवर्ड सांगून बघत होते, नीट पाठ आहे ना म्हणून.

"काय आहे इथे?" शुभंकरने पहिल्याच मुलाला विचारलं.

"पासवर्ड द्यायचा आहे ना." मुलाने हिंदीत सांगितलं. "आमचा माणूस येणार म्हणाले होते. तुम्हीच काय तो?"

"पण तुम्ही तर नाही म्हणालात!"

"मी? मी सरी म्हटलं."

"तेच. सॉरी म्हटलंस."

"सॉरी कशाला म्हणू? मी काय केलं?"

एवढ्यात रम्या आली. शिमोग्याहून परस्पर, हातात बॅग आणि चिरोट्यांचा डबा. तिने रांग पाहिली, शुभंकरचं तोंड पाहिलं आणि डबा खिडकीत ठेवला.

"शुभंकर, स्वल्प थांब. उत्तरं काय काय आली होती?"

"बहुतेकांनी सॉरी लिहिलं होतं. स्पेलिंग चुकवून. एस ए आर आय."

हसावं की रडावं हे रम्याचं ठरत नव्हतं. शेवटी हसूच जिंकलं आणि तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"अरे देवा! सरी मणजे बरं रे! ठीक आहे, चालेल. कानडी आहे ते. एक वर्ष झालं की तुला इथे!"

शुभंकरच्या डोळ्यांपुढून ते एक वर्ष उलटं सरकू लागलं. कस्तुराबाईंनी कधी माफी मागितली नव्हती. रिक्षावाल्यांना कशाचीही लाज नव्हती. त्याने दर वेळी मोठ्या मनाने "इट्स ओके" म्हटलं होतं, तेव्हा ती माणसं त्याच्याकडे का पाहत राहायची, तेही आता कळलं.

"आणि आयतू?" त्याने बारीक आवाजात विचारलं.

"कोण आयतू?"

"आयतू सारी."

"आयतु सरी! झालं, ठीक आहे मणून. तो मुलगा नाही रे!"

"मी अहवालात आदर्श विद्यार्थी म्हणून बक्षिसासाठी त्याची शिफारस केली आहे."

रम्याचं हसू पुन्हा उसळणार, तेवढ्यात रांगेत शांतता झाली. पोरं बाजूला होऊ लागली. जिन्यावरून प्राचार्य त्रिविक्रमाचार येत होते. रांगेत उभं राहायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते सरळ दारापर्यंत आले. 'सर्व' या पत्त्यात तेही येतात, हे शुभंकरला त्या क्षणी उमगलं.

"आज साफसफाईसाठी माणूस येणार होता तो कुठे आहे?" प्राचार्यांनी विचारलं. "तू घेतोयस का? बरं झालं. मला मीटिंग आहे." आणि शुभंकरने तोंड उघडायच्या आत त्यांनी वाकून त्याच्या कानात एक शब्द सांगितला. तो शब्द इथे देता येत नाही. समितीचा पहिला नियमच तसा आहे.

"झालं?" प्राचार्य म्हणाले आणि वळले. वळताना त्यांचं लक्ष रांगेकडे गेलं. "बाकी त्या तुमच्या चाचणीचं मी काल विद्यापीठाच्या सिंडिकेटमध्ये सांगितलं. शेकडा नव्वद! सगळे थक्क झाले."

शुभंकरला नुसतं "थँक यू सर" म्हणता आलं असतं. मोडेम जागेवर राहिला असता, महिनाअखेर चार दिवसांवर होती, ओहायो वाट पाहत होतं. रम्याने बिस्किटांचा पुडा त्याच्या हातातून काढून घेतला, आणि त्याला वाटलं, आता दोन्ही हात मोकळे आहेत, म्हणजे बोलायलाच हवं.

"सर, तो मेल मी पाठवला होता. चाचणी म्हणजे तोच मेल. ही सगळी मुलं... हो म्हणालेली आहेत. मला कानडी येत नाही."

प्राचार्यांच्या चेहऱ्यावर अर्थ हळूहळू उतरला, जसं त्या काळी पडद्यावर चित्र उतरायचं. आधी कपाळ, मग भुवया. तोंडापर्यंत यायला बराच वेळ लागला.

"मी इथे पाहणीसाठी आलो होतो," तोंड म्हणालं.

"हो सर."

"मी तुझ्या कानात काही बोललो नाही."

"नाही सर."

"मग तू ऐकलंस काय?"

"काही ऐकलं नाही सर."

"कानाने तरी शहाणा आहेस." त्रिविक्रमाचारांनी घसा साफ केला. "अहवालात एक दुरुस्ती कर. 'नकार दिला' खोड. 'सहकार्य केले' लिही."

"पण सर," रम्या पुढे आली, "ते खोटंच झालं की."

"खोटं कसं? ही एवढी मुलं शनिवारी सकाळी रांगेत उभी आहेत. माझ्या कॉलेजात शनिवारच्या लेक्चरला दहा येत नाहीत. याला सहकार्य नाही तर काय म्हणायचं, अम्मा?" मग आवाज खाली आणून ते शुभंकरला म्हणाले, "आणि आजच्या आज सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लाव. माझाही."

"तुमचा कशाला सर? तुम्ही तर पाहणीला..."

"पाहणीचाच भाग म्हणून."

"आणि मोडेम?"

"ज्या मोहिमेला शेकडा नव्वद सहकार्य मिळतं ती बंद केली तर विद्यापीठ कारण विचारेल," प्राचार्य म्हणाले. ते कारण सांगायची पाळी येऊ नये, एवढं शहाणपण त्या दहा दिवसांत निदान एका माणसाला तरी आलं होतं. जाताना ते दारात थांबले. "तो अहवालातला आयतू कोण रे? सिंडिकेटमध्ये विचारत होते. त्याला बक्षीस कशासाठी?"

"तो कॉलेज सोडून गेला सर," रम्याने सांगितलं.

मग दिवसभर रांग एकेक करून आत आली. शुभंकर शेजारी उभा राहून प्रत्येकाला नवा पासवर्ड घालायला सांगत होता आणि पडद्याकडे पाठ करत होता. तरी निम्म्या मुलांनी तो त्याला मोठ्याने सांगितलाच. चांगला आहे का म्हणून विचारायला.

मोहीम संपली. समिती बरखास्त झाली. विराटचं भाषण चालू राहिलं, कारण त्याला आता दुसऱ्या कॉलेजांतून बोलावणी येत होती.

ओहायोचा मेल बुधवारी आला. प्राध्यापकांनी लिहिलं होतं की तुझे मार्क चांगले आहेत. तुझ्यासारखा आणखी एक उमेदवार आहे. इथे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवावं लागतं. तू कधी कुणाला काही शिकवलं आहेस का, ते दोन ओळींत आजच कळव.

शुभंकर टाइप करू लागला. रम्या मागे उभी राहून वाचत होती. संगणक सुरक्षेची मोहीम मी चालवली. शेकडा नव्वद विद्यार्थ्यांनी सहकार्य केले. प्राचार्यांनी विद्यापीठाला अहवाल पाठवला आहे.

"एकपण शब्द खोटा नाही," रम्या म्हणाली.

"नाही ना?"

"असला फसवा मेल आला तर काय करायचं मणून तू शिकवत होतास?"

शुभंकरने पाठवायची कळ दाबली. मोडेम किंचाळला, घरघरला आणि गप्प झाला. टेलिफोन खात्याने लाइन तोडली होती. लिहिलेलं सगळं पुसलं गेलं.

लाइन पुन्हा लागायला वेळ लागला. तोवर मागे मुलं जमली, पाय बदलत उभी राहिली. दुसऱ्यांदा टाइप करायला बसल्यावर शुभंकरला मघाची सफाईदार वाक्यं आठवत होती, अगदी शब्दन् शब्द. ती त्याच्या बोटांपर्यंत आली आणि तिथेच अडली. त्याने लिहिलं : होय, मी एकदा शिकवलं. कुणीही काही मागितलं तर देऊ नका, असं सगळ्या कॉलेजला शिकवलं आणि मग सगळं कॉलेज मला ते द्यायला रांगेत उभं राहिलं. त्यांनी काय उत्तर दिलं होतं ते मला कळलंच नव्हतं, कारण त्यांची भाषा मी शिकलो नव्हतो. आता शिकतो आहे.

"हे वाचून घेतील तुला?" रम्याने विचारलं.

"माहीत नाही."

त्याने कळ दाबली. या वेळी मेल गेला. ओहायोत तेव्हा रात्र होती, म्हणजे उत्तर यायचं ते उद्या. मागच्या मुलाने त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. "अण्णा, झालं असेल तर ऊठ की."

शुभंकर उठला आणि "कानडीत 'बसा' कसं म्हणतात?" असं रम्याला विचारत त्याने खुर्ची पुढे सरकवली.